गाडी किती बसवावी?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘गाडी बसवून घ्यायची आहे,’ असं आमच्या रहिमतपुरातला एखादा तरुण म्हणाला, तर त्याची गाडी बंद पडली आहे असं समजू नका. त्याला गाडीची उंची कमी करायची असते. चाकं मडगार्डच्या पोटात शिरलेली दिसावीत, टायर रुंद असावा, गाडी रस्त्याला चिकटून धावते आहे असं बघणाऱ्याला वाटावं, एवढी त्याची इच्छा असते. नवी गाडी असेल तर ही हौस महागात जाते, म्हणून तो घरातली नाहीतर बाजारातली जुनी गाडी धरतो. कुठं मारुती ८००, कुठं प्रीमियर पद्मिनी. मग मेस्त्रीला विचारतो, ‘किती खाली घेऊ?’ आणि मेस्त्री त्यालाच विचारतो, ‘तुला किती पाहिजे?’

माझ्या मते इथंच सगळं बिघडतं. किती पाहिजे हा प्रश्न डोळ्यांचा झाला. किती परवडेल हा प्रश्न गाडीला विचारायला हवा, आणि गाडी त्याचं उत्तर अगदी सेंटिमीटरमध्ये देते.

वसंत कानेटकरांचा जन्म आमच्या गावचा, त्यामुळं रहिमतपूरच्या माणसानं नाटकाबद्दल किंवा कवितेबद्दल बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मीही कविताच लिहितो. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. इंजिनियरिंगशी संबंध नाही. पण गेल्या वर्षी माझा पुतण्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘चाचा, अब्बांची पद्मिनी खाली घेतोय. तुम्ही अम्मीला सांगा.’ अम्मीला काय सांगायचं ते ठरवण्यासाठी मला आधी स्वतः समजून घ्यावं लागलं. गॅरेजमध्ये बसलो, पट्टी घेऊन मोजलं, आकडेमोड केली, कारखान्यात स्प्रिंग वळणाऱ्या कारागिरांशी बोललो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. तो मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवत असे. गावी परत आल्यावर त्यानं तसलीच एक खासगी गाडी घेतली, कारण दुसरी कुठली गाडी त्याच्या हाताला लागतच नव्हती. तो गेला, गाडी राहिली. ईदला, लग्नाला, मिरजेच्या उरुसाला आमचं घर त्याच गाडीतून जातं. पुढं दोन, मागं चार, आणि डिकीत भांडी. वहिनीच्या पाठीचं मणक्याचं दुखणं जुनं आहे आणि तिची जागा मागच्या सीटवर. स्प्रिंगचा हिशेब मी तिच्या जागेवरून करायला घेतला.

ही गाडी मुळात कशासाठी बांधली होती ते आधी पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढं इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकातली गोलमटोल फियाट मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, आणि तीच गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. २००० सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपही दिला. इंजिन १०८९ सी. सी. चं, ओढ मागच्या चाकांना, ब्रेक चारी बाजूंना ड्रमचे. पुढं दोन आडव्या हातांच्या मध्ये गोल वेटोळ्याची स्प्रिंग, मागं बैलगाडीला बसवाव्यात तसे पाटे. म्हणजे एकाच गाडीत दोन्ही जातींच्या स्प्रिंगा. शिकणाऱ्याला ही गाडी चांगली.

स्प्रिंगचा कायदा रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधला. त्यानं तो १६७६ मध्ये छापला, पण कोडं करून. वाक्यातली चौदा लॅटिन अक्षरं त्यानं वर्णानुक्रमे मांडून ठेवली, म्हणजे शोध आपल्या नावावर राहावा आणि दुसऱ्याला कळूही नये. दोन वर्षांनी कोडं उलगडून सांगितलं. अर्थ साधा होता: जेवढं वजन तेवढी दाब. शंभर किलोला स्प्रिंग तीन सेंटिमीटर दबत असेल तर दोनशेला सहा दबेल. कवीला मत्सर वाटावा इतकं छोटं वाक्य, आणि त्यावर जगातली सगळी वाहनं चालतात.

आता ते पद्मिनीला लावू. गाडी नुसती उभी असतानाही स्प्रिंग गाडीच्या वजनानं काही दबलेली असते. त्याला आपण बसक म्हणू. त्याखाली आणखी दबायला काही जागा शिल्लक असते. ती संपली की हात रबराच्या ठोकळ्यावर आपटतो आणि ‘धाड’ असा आवाज येतो. या शिल्लक जागेला मी शिल्लकच म्हणतो. गाडी किती बसवावी याचं उत्तर या शिलकीत आहे.

समजा एकटा ड्रायव्हर बसलेला असताना चाकापाशी आठ सेंटिमीटर शिल्लक आहे. घरची सगळी माणसं बसली, भांडी आली, त्यात चार सेंटिमीटर गेले. उरले चार. खड्ड्यातून येणारा धक्का या चार सेंटिमीटरमध्ये पचवायचा आहे. आता त्याच मऊपणाची पण आखूड स्प्रिंग घालून गाडी दोनच सेंटिमीटर खाली घेतली, तर ओझ्याखाली उरले फक्त दोन. दोन म्हणजे चारचं निम्मं, मग धक्का पचवायची ताकद निम्मी झाली असं वाटेल. तसं नाही. स्प्रिंगमध्ये साठणारा जोर दाबेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जागा निम्मी झाली की ताकद पाव झाली. आणि गाडी चार सेंटिमीटर बसवली तर काहीच उरलं नाही. भरलेली गाडी रबरावरच चालायला लागली. मग त्या गाडीला स्प्रिंग असून नसल्यासारखी.

यावर तरुण मंडळी म्हणतात, मग स्प्रिंग कडक घालू. बरोबर आहे, उपाय तोच आहे, पण त्याची किंमत पाहा. शिल्लक आठाची सहा झाली, आणि धक्का पूर्वीइतकाच पचवायचा, तर आठ भागिले सहा, त्याचा वर्ग. स्प्रिंग जवळजवळ पावणेदोन पट कडक हवी. पूर्वी गाडीच्या वजनानं चाकापाशी १६ सेंटिमीटर बसक होत असेल, तर आता ९ होईल. बसक आणि हेलकावा यांचं नातं ठरलेलं आहे. १६ सेंटिमीटर बसकेची गाडी मिनिटाला साधारण ७५ वेळा वरखाली होते, ९ सेंटिमीटरची १०० वेळा. ७५ म्हणजे निवांत बसलेल्या माणसाची नाडी. १०० म्हणजे जिना चढून आलेल्या माणसाची. पाऊण तासाच्या प्रवासात विशीतल्या मुलाला हा फरक जाणवत नाही, उलट मजा वाटते. मागच्या सीटवरच्या मणक्याला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

आणि हे फक्त दोन सेंटिमीटरसाठी. डोळ्याला दोन सेंटिमीटर धड दिसतही नाहीत. म्हणून पोरं पाच-सहावर जातात.

स्प्रिंग कडक कशानं होते, हेही सांगायला हवं, कारण इथं बाजारात फसवणूक होते. तीन गोष्टी असतात: तारेची जाडी, वेटोळ्याची रुंदी आणि वेटोळ्यांची संख्या. सगळ्यात मोठा परिणाम जाडीचा. जाडी चार वेळा गुणली जाते. १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार घेतली, म्हणजे डोळ्याला कळणार नाही इतका फरक केला, तर स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. म्हणून दुकानदारानं ‘एक नंबर जाड आहे’ म्हटलं की आपण कॅलिपर मागायचा. वेटोळी कमी केली तरी स्प्रिंग कडक होते, पण थोडी. आठ चालती वेटोळी असतील आणि एक काढलं, तर १४ टक्के. इथंच ग्राइंडरनं वेटोळं कापायच्या उद्योगाचा हिशेब चुकतो. कापल्यानं उंची भरपूर जाते आणि कडकपणा जेमतेम वाढतो. शिल्लक खाल्ली जाते, भरपाई होत नाही.

पद्मिनीत आणखी एक गंमत आहे. पुढची स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर नसून हाताच्या मध्यावर कुठंतरी बसते. हात तराजूच्या दांडीसारखा. स्प्रिंग हाताच्या बरोबर मध्यावर असेल तर ती एक सेंटिमीटर आखूड केली की चाकापाशी गाडी दोन सेंटिमीटर खाली येते. मारुती ८०० मध्ये पुढची स्प्रिंग उभ्या दांड्यावर, चाकाला जवळजवळ लागून असते. तिथं एकाला साधारण एकच. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर तसाच चालवला की काय होतं ते मी गॅरेजच्या दारात पाहिलं आहे. गाडी बसली ती उठेना.

कापण्यापेक्षा वाईट एक प्रकार आहे. गॅसची ज्योत स्प्रिंगवर धरायची, ती लाल झाली की गाडीच्या वजनानं आपोआप बसते. दहा मिनिटांत काम. पण स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा मुरवून तयार केलेलं असतं. तिची उसळी त्या मुरवणीत असते. ज्योत लावली तिथं मुरवण गेली. पुढं ती बसतच जाते, डावी वेगळी, उजवी वेगळी. शिवाय कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक मोठ्या खड्ड्यावर लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल होते आणि जागेवरून हलू शकते. कोणी फुकट करून दिलं तरी हे दोन्ही प्रकार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. तिची स्प्रिंग आधीच बसलेली असते. आपण ज्या उंचीला मूळ उंची समजतो, ती पंचवीस-तीस वर्षांच्या ओझ्यानं खाली आलेली उंची असते. मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, चारी टायरांत हवा सारखी ठेवायची, आणि चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी धरायची. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची उंची मिसळते. आम्ही मोजलं तर डावी-उजवीत दीड सेंटिमीटरचा फरक, ड्रायव्हरची बाजू खाली. चांगल्या अवस्थेतल्या दुसऱ्या एका पद्मिनीशी ताडून पाहिलं तर आमची पुढून सरासरी दोन सेंटिमीटर आधीच उतरलेली. पुतण्या ज्या उंचीवरून आणखी पाच सेंटिमीटर खाली जाणार होता, ती मुळात दोन सेंटिमीटर खाल्लेली उंची होती. मेस्त्रीनं गाडी नुसती वर उचलून पाहिली असती तर रबराचे ठोकळे चेपून चपटे झालेले त्याला दिसले असते. आम्हाला दिसले.

मागच्या पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, मागचा आख्खा एक्सल जागेवर धरतात. उंची कमी करायला एखादा पाटा काढून टाकला, तर उरलेल्यांवर ताण वाढतो, आणि मुख्य पाटा तुटला तर एक्सल तिरका होतो. चालत्या गाडीत तिरका होतो, हे लक्षात घ्या. उंची कमीच करायची असेल तर कमानपाट्यांच्या कारागिराकडून सगळ्या पाट्यांची कमान सारखी उतरवून घ्यावी. गॅस न लावता, थंड. आमच्या गाडीत खालून दुसरा पाटा आधीच चिरलेला निघाला. तो बदलला, बुश बदलले, बाकी पाट्यांना हात लावला नाही.

शॉकअपचंही थोडं. स्प्रिंग धक्का साठवते, तो जिरवायचं काम शॉकअप करतो. कडक स्प्रिंगला मऊ, म्हातारा शॉकअप लावला तर गाडी एका खड्ड्यात तीन वेळा नाचते. स्प्रिंगच्या खर्चात शॉकअपचा खर्च धरूनच बेत करायचा.

आता टायर. टायरची निवडही उंचीचाच प्रश्न आहे. टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे वृत्त ओळखण्याइतकंच सोपं आहे. १६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. इंच, टक्के आणि मिलिमीटर एकाच ओळीत नांदतात. भिंत वरची आणि खालची अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे ३५६ मिळवायचे, झाला ६२ सेंटिमीटर व्यास. पद्मिनीचा जुना टायर मात्र ५.२०-१४ या मापाचा. तो नायलॉन टायर. त्यात रुंदीही इंचांत, ५.२० इंच, आणि भिंतीचा आकडा लिहीतच नाहीत. आमच्या स्टेपनीचा व्यास साधारण ६१ सेंटिमीटर भरला.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी खडूची रीत आहे. टायरच्या तळाला आणि फरशीला खडूची एकच रेघ मारा, गाडी हळू ढकला, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी रेघ मारा. मधलं अंतर टेपनं मोजा. चाक एका फेऱ्यात किती चालतं ते कळलं. गाडीचा स्पीडोमीटर फेरे मोजतो, अंतर नाही. नवा टायर जुन्याच्या दोन-तीन टक्क्यांत असेल तर काटा खरं बोलेल.

आमच्यापुढं तीन मापं होती. १८५/६० आर १४ हे पुतण्याच्या मनातलं. रुंद, बुटकं, देखणं. त्याचा व्यास ५७.८ सेंटिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ५७ च्या आत असेल. इंजिन कायम जास्त फिरेल, पेट्रोल जास्त जाईल. आणि गाडीचं पोट आपोआप दीड सेंटिमीटरहून जास्त खाली, तेही स्प्रिंगला हात न लावता. दुसरं १७५/७० आर १४, व्यास ६० सेंटिमीटर, दीड टक्का कमी. आकड्यानं चांगलं. पण या टायरला साधारण पाच इंच रुंदीची रिम बरी, पद्मिनीची मूळ रिम त्याहून अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो वळणावर डुलतो. नवी रिम घ्या, तर ती बाहेर किती येते, स्टिअरिंग पुरं वळवल्यावर मडगार्डला घासते का, हे नवे प्रश्न. तिसरं १६५/८० आर १४, दीड टक्का जास्त. मारुतीच्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला हेच माप येत असल्यानं ते आपल्या तालुक्याच्या गावातही मिळतं. आम्ही तेच घेतलं. जुन्या टायरपेक्षा ते बऱ्यापैकी रुंद आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पुरतं वळवून, पुढं माणसं बसवून, घासत नाही ना हे आधी एकाच टायरवर पाहिलं आणि मग बाकीचे बसवले.

टायर घेताना आणखी काही बारीक अक्षरं वाचा. मापानंतर ८५ टी असं काही असतं. ८५ म्हणजे तो टायर ५१५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग. पद्मिनीला १९० म्हणजे स्वप्नच, पण किलोचा आकडा कामाचा. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा ‘नवा’ टायर कधीकधी चार वर्षं गोदामात झोपलेला असतो. नायलॉन आणि रेडियल यांची सरमिसळ करू नका. दोघांची वळणातली चाल वेगळी असते. स्टेपनीसकट पाचही एकाच जातीचे घ्या. जुन्या रिमला ट्यूबलेस टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो, म्हणून आत ट्यूब घाला, आणि ती रेडियलची.

एवढं झाल्यावर रस्त्याचा प्रश्न राहतो. आमच्याकडं ऊस सुरू झाला की रस्ते ट्रॉल्यांनी उखडतात, आणि प्रत्येक वाडीला आपला एक स्पीडब्रेकर असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा, अशा गोलाईचा की गाडी २५ च्या वेगानं सहज जाईल. मी यावर हिशेब केला. पद्मिनीच्या दोन चाकांमधलं अंतर २.३४ मीटर. नियमाच्या उंचवट्यावर आख्खी गाडी चढते आणि पोटाखालची जागा मधोमध फक्त चार सेंटिमीटरनं कमी होते. म्हणजे खाली घेतलेली गाडीही तिथून सुखरूप जाईल. पण वाडीच्या तोंडाशी रातोरात टाकलेला हातभर रुंदीचा ढिगारा दोन चाकांच्या मध्ये मावतो, आणि मग त्याची सगळीच उंची पोटाखाली येते. पंधरा सेंटिमीटरचा ढिगारा आणि बसवलेली गाडी, की ऑइल चेंबर फुटलं. चेंबर फुटून तेल गेल्याचं ड्रायव्हरला कळेपर्यंत इंजिन जाम होतं. तेव्हा रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर मोजा. पाटी, काठी आणि एक मित्र, एवढं पुरतं.

ही हौस काही आपल्याच पोरांची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली मुलं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डिकीत वाळूची पोती ठेवून आणि स्प्रिंगा कापून गाड्या बसवत. त्यांची ती मिरवायची तऱ्हा होती, आणि मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण १९५८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असू नये. त्यामागचं कारण उघड आहे. टायर फुटला तर गाडी रिमवर उतरते. त्या वेळी ब्रेकचा पाइप, हात किंवा चेंबर जमिनीला लागता कामा नये. आपल्याकडंही ही तपासणी करून पाहायला हरकत नाही: पुढच्या आणि मागच्या रिमच्या खालच्या कडांना दोरी ताणून बांधा आणि खाली काय लोंबतंय ते बघा.

आपल्या कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. जुन्या गाडीवाल्याला आर. टी. ओ. च्या दारात परत जायचंच असतं. बसकी गाडी तिथं लपत नाही. विमा कंपनी अपघातानंतर काय विचारेल, हा वेगळाच भाग.

पुतण्याला हे सगळं एकदम सांगितलं नाही. तो माझं ऐकेल असं वय नाही त्याचं. पण शिलकीचा हिशेब त्यानं स्वतः पट्टी घेऊन मांडला आणि मग काही वेळ गप्प बसला. ‘चाचा, मग आहे तेवढीच ठेवू, पण सरळ तरी करू,’ म्हणाला. शेवटी आम्ही पुढच्या दोन स्प्रिंगा नव्या वळवून घेतल्या. कारखान्याला पाच आकडे द्यावे लागतात: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, चालती वेटोळी, मोकळी लांबी, आणि अमुक वजनाखाली अमुक लांबी. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक देत नाहीत. नव्या स्प्रिंगा मूळ उंचीपेक्षा एक सेंटिमीटर आखूड बेतल्या, चाकापाशी धरून, आणि जवळपास तीस टक्के कडक. म्हणजे मूळ शिल्लक आठ धरली तर नवी सात. आठ भागिले सातचा वर्ग १.३. हिशेब जुळला. मेस्त्रीनं वहीत लिहून घेतला.

गाडी आता पूर्वीपेक्षा सेंटिमीटरभर वरच आहे, पण डावी-उजवी सारखी, आणि रुंद टायरमुळं बघणाऱ्याला खाली घेतल्यासारखी वाटते. पुतण्याचे मित्र त्याला ‘किती घेतलीस?’ म्हणून विचारतात, आणि तो खरं सांगत नाही. वहिनीला मागं बसवून औंधच्या संग्रहालयाच्या टेकडीवर गाडी नेऊन आणली. ती काही बोलली नाही. उतरताना फक्त दार जोरात न लावता हळू लावलं.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, म्हणून व्हील अलाइनमेंट लगेच केलं तरी पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा करून घ्यावं. उंची बदलली की चाकांचा वरचा भाग आत किंवा बाहेर कलतो, आणि टायर एकाच कडेनं झिजायला लागतो. तळहात टायरवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून पाहा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं तर गाडी न्यायची वेळ झाली. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी भिंतीवर पाहून घ्या, आणि बुशचे नट घट्ट करताना गाडी जॅकवर लोंबती नको, चारी चाकांवर उभी असू द्या.